दमवेल आणि एक जास्तीचा ठिपका

दमवेलीची पूड मी पहिल्यांदा आईच्या डब्यातून तिला न विचारता घेतली. दोन चमचे, कागदाच्या पुडीत बांधून. संक्रांतीचे दिवस होते, आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. पुडी पर्समध्ये टाकून मी निपाणीच्या स्टँडवर आले आणि बेळगावची बस धरली. संकेश्वर येईपर्यंत मला थोडं अपराधी वाटत होतं, पुढं वाटलं नाही.

मी बेळगावात एका फार्मसी कॉलेजात शिकवते. झाडपाल्यात कोणती रसायनं आहेत ती वेगळी काढायची, ओळखायची आणि ती माणसाच्या अंगाला मानवतील का हे तपासायचं, हा माझा विषय. खानापूरच्या रानातल्या साली, चिकोडीच्या बाजारातली मुळं, कुणाच्या मामांचं काविळीचं औषध, असं पुष्कळ काही माझ्या टेबलावर येऊन गेलं होतं. मला माझं काम येतं, हे मी संकोच न करता सांगते. फक्त माझी स्वतःची आई वर्षभर रोज सकाळी कसली पूड खाते, हे तपासायचं मला सुचलं नव्हतं.

आईनं सारा जन्म तंबाखूच्या वखारीत काढला. चाळणीवर बसायची. मान खाली, नाकाला पदर, समोर तंबाखूचा ढीग. घरी आली की तिच्या लुगड्याला तो वास असायचाच. लहानपणी मला वाटायचं, आयांना असाच वास असतो. बाकीच्या बायांसारखी तीही मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि सकाळी उंबऱ्यात बसून बोटानं दातांवर फिरवायची. साठी उलटल्यावर तिला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, आधी मिश्री बंद. आणि तिनं ती बंद केली. त्यानंतर तीन आठवडे तिचं डोकं ठणकत होतं, भांडी आपटत होती, माझ्याशी फोनवर धड बोलत नव्हती. पण सोडली. मला तिचा केवढा अभिमान वाटला होता.

पुढच्या पावसाळ्यात शेजारणीनं तिला एका आक्काचं नाव सांगितलं. निपाणी आणि चिकोडीच्या मध्ये, हमरस्ता सोडून आत एक लहान गाव आहे. तिथं ही आक्का दर रविवारी सकाळी दमेकऱ्यांना दमवेल नावाच्या एका वेलीचं पान द्यायची. अनशापोटी, विड्याच्या पानात गुंडाळून चावायचं, सात दिवस. पैसे घेत नसे. कुणी नारळ ठेवला तर ठेवला. आईनं सात दिवस केलं, तिला बरं वाटलं. पावसाळा सरल्यावर वेल वाळते, तेव्हा आक्का पूड देते असं कळलं, म्हणून आईनं पूड आणली. मग परत आणली. सात दिवसांचं औषध वर्षाचं कधी झालं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"आई, हे किती दिवस खायाचं?" मी एकदा विचारलं होतं.

"बरं वाटतंय तवर," ती म्हणाली. "तुझ्या कॉलेजातल्या बाटल्यांपेक्षा हे बरं हाय."

ते माझ्या डोक्यात राहिलं आणि म्हणून ती पुडी.

बेळगावला आल्यावर मी पुडीतला थोडा भाग घेऊन त्याचा अर्क काढला आणि पट्टीवर टाकला. ही पट्टी म्हणजे पांढऱ्या पुडीचा पातळ थर दिलेला तुकडा असतो. खालच्या कडेला अर्काचा थेंब द्यायचा आणि पट्टी द्रवात उभी करायची. द्रव वर चढतो आणि अर्कातली रसायनं आपापल्या वेगानं त्याच्यामागून जातात, कुणी लवकर थांबतं, कुणी लांब जातं. मग प्रत्येकाचा एक ठिपका मिळतो. दमवेलीत जे कडू, जहाल पदार्थ असतात ते खास दिव्याखाली निळसर उजळतात, आणि वरून एक औषध फवारलं की नारिंगी होतात. हे मला वाचून ठाऊक होतं. निळे ठिपके दिसले, अगदी फिके. पण फवारल्यावर आणखी एक नारिंगी ठिपका उमटला, दिव्याखाली न दिसलेला. तो फिका नव्हता. बाकीच्यांपेक्षा ठळक होता.

आमच्या विभागप्रमुख सरांना मी पट्टी दाखवली. सर मूळचे धारवाडचे, मराठी बोलतात पण वाक्याचा शेवट कानडी हेलात वर जातो. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून पट्टी डोळ्यांजवळ नेली.

"हा कोण?" ते म्हणाले.

"माहीत नाही सर. दमवेलीत असा कुणी असल्याचं मी वाचलेलं नाही."

"मग नवीन असेल. वाळवताना तयार होत असेल. पान वाळताना पुष्कळ काय काय होतंय." सर उत्साही माणूस. पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी निबंधाचं शीर्षकही तयार केलं. मी त्यांना अडवलं नाही, पण होही म्हटलं नाही. ताजं पान तपासल्याशिवाय काही बोलता येत नव्हतं आणि ताज्या पानासाठी पावसाळ्यापर्यंत थांबणं भाग होतं.

आईला मात्र मी फोन करून सांगितलं की पुडीत काहीतरी न ओळखीचं आहे, मला कळेपर्यंत घेऊ नको. ती बरं म्हणाली. ती इतक्या सहज बरं म्हणाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आषाढात मी आक्काच्या गावी गेले. रविवार होता. घरापुढं आठ-दहा माणसं बसली होती. बहुतेक बाया, आणि त्यातल्या निम्म्या निपाणीच्या वखारीतल्या. खोकण्यावरूनच ओळखू येत होत्या. आक्का उंच, वाळकी, पांढरे केस घट्ट बांधलेली. मी आईचं नाव सांगितलं तशी ती हसली. "चाळणीवर माझ्या म्होरं बसायची ती. तोंडानं लई फटकळ." म्हणजे तीही वखारीतलीच. नवरा वारल्यावर काम सोडून ती गावी आली होती. हे औषध तिला सासऱ्यांनी दिलेलं.

गर्दी पांगेपर्यंत मी एका कडेला बसून बघत होते. एक तरुण बाई पुढं आली. आक्कानं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग पोटाकडं.

"कितवा?"

"चौथा," बाई म्हणाली.

"मग तुला न्हाय द्यायाचं. बाळंत हो, पोर अंगावरचं सुटू दे, मग ये. आत्ता डाक्टरकडं जा."

बाईनं खूप विनवलं. आक्का बधली नाही. मी विचारलं, हे कुणी सांगितलं तुम्हाला? "माझ्या सासऱ्यानं. पोटुशीला न्हाय, ल्हान पोराला न्हाय, आन सात दिसाच्या वर आठवा न्हाय. कोण का मरंना." हे तिनं इतक्या शांतपणे म्हटलं की मी वही काढून तिथंच लिहून घेतलं.

मग तिनं मला वेल दाखवली. परसातल्या घायपाताच्या कुंपणावर चढलेली होती. समोरासमोर जोडीनं येणारी जाडसर पानं, मागून मऊ लव. शिंगांसारख्या जोडशेंगा अजून यायच्या होत्या. "कानडी माणसं हिला आडु मुट्टद बळ्ळी म्हणत्यात," ती म्हणाली. "म्हंजी शेळी हिला तोंड लावत न्हाय. शेळी समदं खाती बघ, हिला सोडून." मी हसून म्हटलं, शेळीला कळतं ते आम्हाला यंत्र लावून शोधावं लागतं. ती हसली नाही. "शेळीला दमा न्हाय," ती म्हणाली.

फांद्या, पानं, फुलं घेऊन मी परतले. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी ती वेल दमवेलच आहे असं ओळखून लिहून दिलं. हे आधी करायचं असतं. बाजारात एकाच नावाखाली तीन-तीन झाडं विकली जातात आणि चुकीच्या झाडाची अचूक तपासणी करून काही उपयोग नसतो.

ताज्या पानाचा अर्क पट्टीवर टाकला. निळे ठिपके ठळक, झळझळीत. फवारलं. जास्तीचा ठिपका नाही.

"बघितलंत?" सर म्हणाले. "ताज्यात नाही, वाळलेल्यात आहे. मी म्हणत होतो तसंच."

"मी स्वतः वाळवून बघते," मी म्हटलं.

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत जाळीवर पानं पसरली. सावलीत वाळवली, काही उन्हात वाळवली, काही दमट हवेत बुरशी येईपर्यंत ठेवली. प्रत्येकाची पूड केली, डब्यात भरली, दर आठवड्याला पट्टीवर टाकली. निळे ठिपके हळूहळू फिके होत गेले. जास्तीचा ठिपका एकदाही आला नाही. सर म्हणायचे, अजून थोडे दिवस थांबा. मला मात्र वाटायला लागलं होतं की तो ठिपका पानातून आलेला नाहीच.

श्रावणात एका दुपारी आईच्या पुडीचा उरलेला अर्क मी आटवत होते. वरचा वास ओढून घेणारा पंखा सुरू असतो, त्यामुळं काम करताना आम्हाला सहसा काही वास येत नाही. त्या दुपारी वीज गेली. पंखा थांबला. दोन-तीन मिनिटं गेली असतील, आणि मला लुगड्याचा वास आला.

दुसरं कसं सांगू? भाजलेली तंबाखू, तव्यावरची, आणि तिच्याखाली वखारीतली कच्ची. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला तो ओळखू आला नसता. सरांनाही नाही; ते सुपारीसुद्धा खात नाहीत. मी मात्र त्या वासात वाढले होते. मी बशी नाकापाशी नेली, परत खाली ठेवली, आणि वीज येईपर्यंत स्टुलावर बसून राहिले. राग कुणावर काढायचा ते अजून कळत नव्हतं, पण ठिपका कोण आहे ते मला पक्कं कळलं होतं.

तरी नाकाच्या साक्षीवर अहवाल लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवशी शुद्ध निकोटिनचा थेंब आईच्या पुडीशेजारी त्याच पट्टीवर दिला. दोन्ही सारख्या उंचीवर थांबले, सारखेच नारिंगी झाले. मग नमुना मोठ्या यंत्रावर पाठवला. तिथूनही तेच आलं.

सरांनी कागद दोनदा वाचला. त्यांचा निबंध त्यांच्यासमोर विरून गेला होता, पण माणूस मोठा, त्यांनी माझ्या हातात कागद परत दिला आणि म्हणाले, "म्हणजे नवीन काही नाही."

"नाही सर."

"तुमच्या आई अजून घेतात?"

"मी बंद करायला सांगितलंय."

"जाऊन बघा," सर म्हणाले.

गणपतीला मी निपाणीला गेले. डबा जागच्या जागी होता, आणि गच्च भरलेला. आई चूल सोडून, म्हणजे गॅस सोडून, दारात आली तेव्हा मी डबा हातात घेऊन उभी होते.

"आई, ह्यात मिश्री हाय."

तिनं पदरानं हात पुसले. मला वाटलं होतं ती दचकेल, आक्काला शिव्या घालेल. ती म्हणाली, "मला काय कळत न्हाय व्हय?"

"तुला ठाव होतं?"

"पयल्या दिशी कळलं. साठ वरसं मिश्री वळखती मी. जिभंवर पडल्या पडल्या कळलं."

"मग खाल्लीस कशाला?"

ती खाली बसली. मग म्हणाली, "सोडली तवा तीन आठवडं माझं काय झालतं, तू बघितलंस? तू बेळगावात. हितं भिताडाशी बोलत हुते मी. आन मग ही पूड मिळाली. औषध म्हणून मिळाली. डाक्टरनं मिश्री सोड म्हटलं, मी सोडली. औषध सोड असं कोण म्हटलं?"

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. रसायन कोणतं हे मी सांगू शकत होते, किती आहे तेही सांगू शकत होते. पण त्या तीन आठवड्यांत मी एकदाही रजा काढून तिच्याजवळ येऊन राहिले नव्हते, हे खरं होतं. मी ते तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "जाऊ दे. मोदक खा."

डबा मात्र मी घेऊन आले.

आक्काकडं जायला मी आठ दिवस लावले. काय बोलायचं ते ठरवत होते. सर म्हणाले होते, आरोप करू नका, चुकून मिसळलं असेल; एकाच खलबत्त्यात दोन्ही कुटत असतील. मलाही तसंच वाटत होतं. म्हणून मी गेल्यावर चहा घेतला, पावसाचं बोलले, आणि मग अलगद विचारलं, "आक्का, पूड कशात कुटता? मिश्री कुटता त्याच खलात का?"

आक्कानं माझ्याकडं नीट बघितलं.

"तुला गावली व्हय," ती म्हणाली. "खलातली न्हाय ती. मी घालती. चिमूट चिमूट."

तिनं सांगायला सुरुवात केली, आणि तिच्या आवाजात ना लाज होती ना मिजास. सासऱ्यांच्या वेळी पूड नव्हतीच. फक्त पावसाळ्यात पान. पण लोक उन्हाळ्यात यायचे, हात जोडायचे, तेव्हा तिनं पानं वाळवून ठेवायला सुरुवात केली. वाळलेल्या पानात काही दम राहत नाही हे तिच्याही ध्यानात आलं. ताजं पान चावलं की तोंड सोलल्यासारखं होतं, मळमळतं, घाम येतो, माणसाला वाटतं औषध अंगात शिरलं. पूड खाल्ली की काहीच होत नाही. लोक म्हणायला लागले, आक्काचा गुण गेला.

"मग चिमूटभर मिश्री घातली. डोस्कं जरा फिरतंय. बाया म्हणाल्या, आता लागलं औषध. त्या समद्या वखारीतल्याच गं. त्यास्नी ती नवी हाय व्हय?"

"आणि जी वखारीतली न्हाय, ती?" मी विचारलं. "जिनं जन्मात तंबाखू खाल्ली न्हाय ती? जिच्या छातीत आधीच दुखतंय ती?"

आक्का कुंपणाकडं बघत राहिली.

"एक मास्तरीण यायची," ती म्हणाली. "चिकोडीची. पूड खाल्ल्यावर घेरी येऊन पडली म्हणून सांगावा आलता. मी म्हटलं, औषध लई लागलं." मग थोड्या वेळानं, "बरी हाय ती. मी जाऊन बघून आले. पण मिश्रीचं न्हाय सांगितलं."

ती उठून आत गेली. पुडीचा मोठा डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला. मला वाटलं, ती माझ्यावर चिडून म्हणणार की ने सगळा. ती म्हणाली, "मिश्रीत काय हाय ते मला म्हाईत हाय. तिच्यानं काय होतंय त्ये बी म्हाईत हाय. पानात काय हाय ते सांग. ते मला कुणी सांगितलेलं न्हाय. सासरा सांगायचा, सात दीस. का सात? इचारलं न्हाय कधी."

माझ्या नोकरीतल्या इतक्या वर्षांत तपासणीची इतकी स्वच्छ मागणी माझ्याकडं कुणी केलेली नव्हती. मी म्हटलं, "सांगते. पण वेळ लागंल."

"लागू दे. तवर पूड न्हाय देत मी."

हिवाळाभर ते काम चाललं. प्राण्यांवरच्या चाचणीला समितीची परवानगी लागते, ती घेतली. दुसऱ्या विभागातल्या एक बाई उंदरांवरच्या चाचण्यांत तयार होत्या, त्या सोबत आल्या. जड धातू तपासले, ते नव्हते. पानाचा अर्क उंदरांना थोड्या मात्रेत सात दिवस दिला, तेव्हा ते खात-पीत, हिंडत राहिले. तीच मात्रा पुढं चालू ठेवली तेव्हा काही आठवड्यांनी त्यांचं खाणं कमी झालं, केस विस्कटले, आणि रक्ताच्या तपासणीत यकृतावर ताण दिसायला लागला. मात्रा वाढवली तेव्हा ते लवकरच मलूल पडले. पानातले ते निळे उजळणारे पदार्थ पेशींची वाढ रोखणारे आहेत. गर्भ म्हणजे तर सगळी वाढच. आक्काचे सासरे बरोबर होते, पोटुशीबद्दलही आणि सातबद्दलही. त्यांनी ते कसं शोधलं असेल, किंवा त्यांच्याही आधी कुणी, आणि त्यासाठी कुणाला काय भोगावं लागलं असेल, ते माझ्या चाचणीत येत नाही.

दमा खरोखर कमी होतो का, हे मात्र मी तपासलेलं नाही. ते उंदरांवर होणारं काम नाही आणि माझ्या एकटीचंही नाही. मी आक्काला तेही सांगायचं ठरवलं.

उन्हाळा लागताना आईला छातीच्या डॉक्टरांकडं दाखवायला बेळगावला आणायचं होतं. आई बसमधून उतरली तर तिच्यामागून आक्का उतरली. दोघी निपाणीहून भांडत आल्या होत्या आणि उतरल्यावरही त्यांचं भांडण संपलं नव्हतं. विषय असा होता की वखारीत खिडकीजवळची जागा खरी कुणाची होती. डॉक्टरांनी आईला तपासलं, फुंकायची नळी लावली, श्वासातून घ्यायचा पंप लिहून दिला. आक्का बाहेर बाकावर बसली होती. मी म्हटलं, आक्का, तुम्हीपण आत या, तपासून घ्या. ती म्हणाली, "मला काय झालंय?" आणि मग खोकली. आईनं तिला दंडाला धरून आत नेलं.

मग मी दोघींना कॉलेजात घेऊन गेले. प्रयोगशाळेच्या दारात आक्कानं चपला काढल्या. आत पायांत काहीतरी हवंच, म्हणून मी तिला पुन्हा घालायला लावल्या. ते तिला पटलं नाही, पण तिनं घातल्या. सर आले. आक्का त्यांच्याशी सरळ कानडीत बोलायला लागली, आणि सरांचा चेहरा असा खुलला की परीक्षांच्या दिवसांत मी तो तसा कधी बघितला नव्हता. त्यांच्या गावाकडंही ही वेल होती म्हणे. लहानपणी त्यांनी शेळी तोंड लावत नाही ते पान खाऊन बघायचं म्हणून ही वेल चावली होती, आणि दिवसभर ओकत होते.

मी खोलीतला दिवा मालवला आणि पट्टी खास दिव्याखाली धरली. निळे ठिपके उजळले. आक्का वाकली. बराच वेळ तशीच वाकून होती.

"हे माझ्या पानातलं?"

"व्हय."

"आन मिश्री कंची?"

मी फवारलेली दुसरी पट्टी दाखवली. तिनं नारिंगी ठिपक्यावर बोट ठेवलं नाही, फक्त बोट त्याच्याजवळ नेलं. आई मागून म्हणाली, "बघ. मला जिभंनंच कळलं हुतं. हिला एवढी मशीन लागली."

मी काय निघालं ते सगळं सांगितलं. सात दिवस, का सात, आणि पुढं काय होतं. पोटुशी. लहान मुलं. ज्यांचं यकृत आधीच बिघडलंय ते. दमा जातो की नाही याचं उत्तर माझ्याकडं नाही, हेही. आक्का ऐकत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, की पंप घेणाऱ्यानं पान घेतलं तर? मी म्हटलं, पंप सोडून पान घ्यायचं नाही, आणि डॉक्टरला न सांगता तर नाहीच. तिनं मान हलवली.

गेला पावसाळा तिनं फक्त ताजं पान दिलं, सात मोजून, नाव विचारून. पूड बंद. रविवारची गर्दी कमी झाली. वखारीतल्या काही बाया तिच्यावर रुसल्या, काही जणी दुसरीकडं कुणाकडं तरी जायला लागल्या. मास्तरणीला तिनं घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. ती काय म्हणाली ते आक्कानं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आई पंप घेते. कुरकुरत घेते, पण घेते. आता मी महिन्यातले दोन शनिवार-रविवार निपाणीत असते, आणि पूड सुटल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत तिनं जी भांडी आपटली ती माझ्यासमोर आपटली.

अहवाल मी इंग्रजीत लिहिला, कारण तो तसाच लिहावा लागतो. मग त्यातलं कामाचं तेवढं एका पानावर मराठीत उतरवलं, सरांनी ते कानडीत केलं. दोन्ही पानं घेऊन मी आक्काकडं गेले. तिच्या सुनेनं मोठ्यानं वाचून दाखवलं. "गरोदर स्त्रियांना हे पान देऊ नये," इथवर सून आली तेव्हा आक्कानं तिला थांबवलं.

"देऊ नये असं नको लिवू," ती मला म्हणाली. "कुणी द्यायाचं न्हाय, ते लोकं इचारत बसत्यात. देत न्हाय असं लिव. आक्का देत न्हाय."

मी पेन काढलं आणि दोन्ही पानांवर, मराठीत आणि कानडीत, तेवढी दुरुस्ती केली.